अडीच फुटांची वाट

जपानहून आलेल्या एका पत्राला उत्तर लिहावयास मला पाच महिने लागले. पत्र पाठविणारा माझा सेमिनरीतील वर्गबंधू. आम्ही दोघेही मूळचे वसईचे. तो समुद्रकाठच्या कोळीवाड्यातला, मी आतल्या बागायतीतला. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत एकाच बाकावर बसून आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. पुढे तो एका मिशनरी संघात दाखल होऊन जपानला गेला आणि मी अमरावती धर्मप्रांताचा झालो. दरवर्षी नाताळच्या सुमारास तो न चुकता हाताने लिहिलेले पत्र पाठवितो. २०२१ सालच्या पत्रात त्याने जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका लहानशा रेल्वेचे वर्णन केले होते. एका डब्याची गाडी, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला प्रशांत महासागर, बोगद्यातून बाहेर पडावे तो खिडकीत समुद्र. पत्राच्या अखेरीस त्याने सहज विचारले होते: ‘तुझी ती कापसाच्या शेतांतून जाणारी गाडी कशी आहे? तिच्याविषयी सविस्तर लिही.’

प्रश्न साधा होता. परंतु मी पत्र मिटून बायबलच्या शेजारी ठेवले, आणि ते तेथेच राहिले.

ज्या गाडीविषयी त्याने विचारले होते, तिला वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हणतात. हे नाव तिला कोणी व का दिले, हे मला कोणाकडूनही खात्रीपूर्वक कळले नाही. सरकारी कागदोपत्री ती नॅरोगेज पॅसेंजर. दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरील मूर्तिजापूर हे तिचे माहेर. तेथून एक फाटा उत्तरेकडे दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटमार्गे अचलपूरला जातो. दुसरा दक्षिणेकडे कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळला. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. माझा संबंध आला तो अचलपूरच्या फाट्याशी.

मी या गाडीत प्रथम बसलो तो १९९३ सालच्या डिसेंबरात. सेमिनरीच्या शिक्षणक्रमात मध्येच एक वर्ष प्रत्यक्ष कार्यासाठी बाहेर पाठवितात, त्या वर्षी मी वऱ्हाडात आलो होतो. नाताळची तयारी करून घेण्यासाठी मला अचलपूरच्या बाजूला धाडण्यात आले. बरोबर एक पेटी, गायनाच्या वह्या, आणि गव्हाणीसाठी वसईहून आणलेल्या मातीच्या मूर्ती. वसईच्या मुलाला आगगाडी म्हणजे काय ठाऊक? खाडीवरील पूल ओलांडून मुंबईकडे धावणारी, दारातून माणसे लोंबकळणारी लोकल. गाडी पकडायची असते, हेच आमचे आगगाडीविषयीचे पहिले ज्ञान. मूर्तिजापूरला मुख्य मार्गाच्या गाडीतून उतरून मी पेटी सावरत धावत सुटलो, तेव्हा बाकावर बसलेला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, “कायले पयता जी? थे काई पळून जात नाई.”

ती खरोखरच पळून जाणारी गाडी नव्हती. समोर काळे, ठेंगणे वाफेचे इंजिन उभे होते. त्याचा जन्म १९२१ सालचा, मँचेस्टरचा. १९२३ साली ते या मार्गावर कामास लागले. मी पाहिले तेव्हा त्याच्या सेवेला सत्तर वर्षे झाली होती. पुढे चारच महिन्यांत, १५ एप्रिल १९९४ रोजी, त्याला निवृत्त करून डिझेल इंजिन जोडण्यात आले. आपण एका युगाचा शेवट पाहत आहोत, याची मला त्या दिवशी पुसटशीही कल्पना नव्हती. माझी सारी चिंता मातीच्या मूर्तींची. गाडी सुटताना असा काही हिसका बसला की गव्हाणीतील एका मेंढराची मान तुटली. त्या वर्षीच्या गव्हाणीत ते मेंढरू गवतात तोंड खुपसून चरत असल्यासारखे ठेवावे लागले. कोणाच्या लक्षात आले नाही.

लखपुरी सोडल्यावर पूर्णेचा पूल लागला. नदीच्या दोन्ही बाजूंचा हा मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी लागते, पण ते खारट. डब्यात काही बायकांनी गोड्या पाण्याचे डबे पायांशी धरून ठेवले होते. बाहेर काळ्याभोर मातीत कपाशी फुटली होती. तुरीच्या ओळी, कोठे हरभरा. शाळेची मुले, बाजाराला निघालेले माळी, अंजनगावच्या पानमळ्यांतील विड्याच्या पानांच्या करंड्या, एक शेळी. वाटेतल्या लहान स्थानकांवर स्टेशनमास्तर नव्हता. गाडी थांबली की गार्ड स्वतःच खाली उतरून तिकिटे देई. रस्ता आडवा आला की गाडी उभी करून फाटक लावायचे, गाडी पुढे गेली की पुन्हा उभी करून फाटक उघडायचे. शहात्तर किलोमीटरला चार तास तरी लागत. चालत्या गाडीतून उतरून लोक शेतातली बोरे वेचतात आणि पुन्हा डब्यात चढतात, अशी आख्यायिका मी नंतर पुष्कळदा ऐकली. मी स्वतः तसे कधी पाहिले नाही. मात्र शेतात काम करणाऱ्या बापासाठी गाडीच्या दारातून भाकरीचे फडके फेकणारी मुलगी मी पाहिली आहे, आणि गाडीचा वेग असा होता की तिचा नेम चुकण्याची शक्यता नव्हती.

ही रेल्वे येथे कशी आली, याचे उत्तर त्या कपाशीतच आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल एकाएकी वाढले. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. परंतु मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांचा कापूस बैलगाड्यांतूनच यावयाचा, आणि पाऊस पडला की या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतते. त्या अडचणीतून अरुंद फाट्यांची कल्पना पुढे आली. १८५७ पासून मुंबईत असलेल्या किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली आणि पुढील काही वर्षांत हे फाटे घातले. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव-आर्वी हा लहान फाटाही त्याच कंपनीचा. अरुंद रुळांच्या गाडीतील गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत भराव्या लागत. रुळांची रुंदी निराळी, म्हणून वाघिणी पुढे जाऊ शकत नसत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथील हमालांच्या पाठीने त्या दोन रुंदींमधील अंतर भरून काढले. कापूस मुंबईला, मुंबईहून विलायतेला. आणि तो वाहून नेणारे इंजिन आले मँचेस्टरहून, ज्या शहराची भरभराटच कापसावर झाली होती! व्यवहार मोठा सुसंगत होता, असेच म्हणावयाचे.

कंपनीने रूळ घातले खरे, पण गाड्या चालविण्याचे काम करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि ते काम तिच्याकडे आले. देशातील रेल्वे राष्ट्राची झाली. हा अडीच फुटांचा मार्ग मात्र खासगी कंपनीच्या मालकीचाच राहिला. इंजिन सरकारचे, माणसे सरकारची, तिकीट सरकारचे, आणि खालची वाट कंपनीची. कंपनीला उत्पन्नातील वाटा द्यावयाचा, असा करार होता. अशा संसारात डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न दोन घरच्या पाहुण्यासारखा उपाशी राहतो. रूळ झिजत गेले. वेगमर्यादा खाली खाली येत गेली. लोक थट्टेने म्हणत, “इंग्रज गेले, पण भाडं ठेवून गेले.” त्यांचा राग मला समजत असे. तथापि अधिक खोलात गेल्यावर वाटते, मालक परका होता हे या गाडीचे खरे दुःख नव्हे. तिला आपली म्हणणारा कोणी मालकच नव्हता, हे होते.

१९९८ साली मी धर्मगुरू म्हणून पुन्हा या भागात आलो. आमचा समाज येथे मूठभर. वसईत एका गल्लीत जेवढी ख्रिस्ती घरे असतात, तेवढी येथे अर्ध्या तालुक्यातही नाहीत. कोठे एखादी परिचारिका, कोठे शाळामास्तर, कोठे रेल्वेतला कामगार. अंजनगावच्या पुढच्या एका लहान स्थानकाजवळ असे एक कुटुंब होते. घरधनी याच मार्गावर गँगमन होता. मी आलो त्याच्या आदल्या वर्षी तो वारला होता. मागे बायको आणि एक मुलगा. बाई मेळघाटच्या पायथ्याकडील ख्रिस्ती वस्तीतील. पन्नाशीची, सडपातळ, सरकी काढण्याच्या कारखान्यात मोसमात मजुरीला जाणारी. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी ख्रिस्तयाग करावयाचा, अशी प्रथा माझ्या पूर्वीच्या फादरांनी घातलेली होती. मी ती पुढे चालविली.

गाड्या दिवसाकाठी थोड्याच, त्यामुळे गेलो की मुक्काम ठरलेला. रात्री ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी किंवा नुसता ठेचा. जेवण झाल्यावर अंगणात खाट टाकून बसावे. मग शेजारची माणसे येत. त्यांत ख्रिस्ती कोणी नसे. कोणी पानपिंपळीच्या पिकाचे भाव सांगे, कोणी गाडगेबाबांच्या गोष्टी. बाबांचा जन्म अंजनगाव तालुक्यातल्या शेणगावचा आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेले. ही दोन्ही गावे या गाडीच्या आसपासची, म्हणून त्यांच्याविषयी येथील माणसे घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे बोलतात. मी श्रोता. सेमिनरीत आम्हांला प्रवचन कसे करावे हे शिकविले होते, ऐकावे कसे हे मी त्या अंगणात शिकलो. बाई रात्री उशिरा, सगळे गेल्यावर, हळूच आपले बोलत असे. मुलाचे दारू पिणे, नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे अडकलेले कागद, डोळ्यांना कमी दिसणे. हे सर्व ती पहिल्या तासाभरात कधीच बोलली नसती. तिला ठाऊक होते की फादरांना सकाळपर्यंत कोठेही जाता येणार नाही.

वर्षातून दोनदा, नाताळला आणि पास्खाला, ती गाडीनेच आमच्या चर्चमध्ये येई. मूर्तिजापूरला गाडी बदलून पुढे. तिकीट बसच्या मानाने फारच स्वस्त. गाडी तिच्या दारावरून जात असे म्हटले तरी चालेल. अंगण संपले की रूळ. पास्खाच्या जागरणविधीला ती पहिल्या बाकावर हातात मेणबत्ती घेऊन बसलेली असे, आणि रात्र चर्चच्या ओसरीवर काढून दुसऱ्या दिवशी परत जात असे.

२००४ साली मला मोटारसायकल मिळाली.

ती मी मागून घेतली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. मी बिशपांना अर्ज लिहिला होता, त्यात गाडीच्या विलंबाची आकडेमोड होती: एका कुटुंबासाठी दीड दिवस, मोटारसायकल असेल तर एका दिवसात तीन कुटुंबे. हिशेब बिनचूक होता. मोटारसायकल आली आणि मी खरोखरच एका दिवसात तीन घरे करू लागलो. त्या वर्षीच्या अहवालात गृहभेटींचा आकडा दुपटीहून अधिक झाला आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले. दुपारी दोनला जावे, ख्रिस्तयाग करावा, चहा घ्यावा, चारला निघावे. बाई म्हणे, “फादर, रातच्याले राहा न जी.” मी घड्याळ दाखवी. ती हसून म्हणे, “हो न, तुमाले आता गाडी आली.” त्या वाक्यात टोमणा होता का, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. त्यानंतरच्या वर्षांत तिच्या मुलाचे काय झाले हे मला ठाऊक नव्हते, कारण ते चहाच्या वेळेत सांगण्यासारखे नव्हते.

पुढे माझी बदली झाली, पुन्हा जवळच्याच धर्मग्रामात आलो, त्या घरी जाण्याचे काम तरुण सहायकाकडे गेले. मध्यंतरी शकुंतलेच्या फेऱ्या कमी झाल्या. कधी पुराने, कधी रुळांच्या अवस्थेमुळे गाडी बंद राही, मग मोर्चे निघत, निवेदने दिली जात, पुन्हा काही दिवस ती चाले. २०१६ साली हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली तेव्हा पेढे वाटले गेले. नंतर एकेक फाटा मुका होत गेला आणि २०२० उजाडेपर्यंत दोन्हींवर गाडी धावेनाशी झाली. गाडी पुन्हा सुरू करावी, या मागणीच्या निवेदनावर सह्या घेण्यासाठी काही तरुण माझ्याकडे आले होते. मी सही केली, वर एक परिच्छेदही लिहून दिला: गोरगरिबांची जीवनवाहिनी वगैरे. सही करून झाल्यावर एक मुलगा निरागसपणे म्हणाला, “फादर, तुम्ही शेवटी कधी बसला होता गाडीत?” मी मनात मोजले. बारा वर्षे झाली होती. मी म्हणालो, “बरेच दिवस झाले.”

म्हणूनच जपानच्या पत्राला उत्तर देणे मला जड गेले. मित्राच्या पत्रात त्या किनाऱ्यावरील रेल्वेची जी हकिकत होती, ती वाचून तर अधिकच. तिचे नाव सान्रिकू रेल्वे. इवाते प्रांतात डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मासेमारीची लहान गावे, माणसे कमी होत चाललेली. तेथेही सरकारी रेल्वेला हे फाटे तोट्याचे वाटले आणि ती ते सोडून देऊ लागली. तेव्हा प्रांताने, किनाऱ्यावरील गावांनी आणि काही खासगी संस्थांनी मिळून एक कंपनी काढली आणि १ एप्रिल १९८४ पासून गाडी स्वतः चालविण्यास घेतली. सोडलेली सरकारी रेल्वे स्थानिकांनी अशा रीतीने आपली केल्याचे जपानमधील ते पहिले उदाहरण. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली. पूल गेले, रूळ गेले, शिमानोकोशी नावाचे स्थानक वाहून गेले. आणि पाचव्या दिवशी, १६ मार्चला, मार्गाचा जो लहानसा तुकडा शाबूत होता त्यावर त्यांनी गाडी सोडली. तिकीट न घेता. उरलेला मार्ग तुकड्यातुकड्याने जोडत ६ एप्रिल २०१४ रोजी त्यांनी सगळा पूर्ववत सुरू केला. कुवेत देशाने दिलेल्या देणगीतून नवे डबे आले, त्यांवर आभाराचा मजकूर लिहिलेला आहे. २०१९ साली शेजारचा मोठ्या रेल्वेचा त्सुनामीने मोडलेला मार्गही दुरुस्त होऊन त्यांच्याकडे आला, तेव्हा सलग १६३ किलोमीटरची वाट झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वादळाने तिचे पुन्हा तुकडे केले, आणि २० मार्च २०२० रोजी ती पुन्हा जोडली गेली.

एकशे त्रेसष्ट किलोमीटर आणि एकशे नव्वद. आकडे इतके जवळचे आहेत की तुलना टाळता येत नाही. जपान श्रीमंत देश आहे, हे मी जाणतो. तेथेही गाडी तोट्यातच चालते आणि प्रवासी घटतच आहेत, हे मित्राने प्रामाणिकपणे लिहिले होते. आमच्या रुळांवर तर कोणतीही लाट आली नव्हती. समुद्र येथून शेकडो कोस दूर. आमच्याकडे एक घर मोटारसायकल घेते, मग दुसरे, मग शाळेची मुले सहा आसनी रिक्षाने जाऊ लागतात, आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही की गाडीत आता फक्त ज्यांना दुसरे काही परवडत नाही तेच उरले आहेत. त्यांचे निवेदन लिहिण्यासाठी मग आमच्यासारखे लोक लागतात. कालिदासाच्या शकुंतलेला निदान अंगठीची आशा होती.

२०२२ च्या मे महिन्यात, पत्र अंगावर ओझे होऊन राहिले तेव्हा, मी अचलपूरच्या वाटेवरील त्या स्थानकावर गेलो. जीपने गेलो, कारण जाण्यास दुसरा मार्ग नव्हता. स्थानकाची लहानशी दगडी इमारत उभी होती, दाराला कुलूप. रुळांच्या मधोमध बाभळीची रोपटी गुडघ्याएवढी झालेली. कोणीतरी रुळांवर पऱ्हाट्या वाळत टाकल्या होत्या. बाई अंगणातच होती. डोळ्यांनी आता फारच अधू. आवाजावरून तिने ओळखले. मुलगा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला, हे मला तेव्हा समजले. तरुण सहायकास ठाऊक होते. त्याने वहीत नोंद केली होती. मी वही वाचली नव्हती.

मी विचारले, “बाई, पास्खाला आला नाहीत तुम्ही या तीन वर्षांत. मला वाटले करोनामुळे.”

ती म्हणाली, “कशी येऊ जी? गाडी तं बंद. बस तिकडं सडकेवर थांबते, तितलं चालनं होत नाई, अन् बसची पायरी लई उची. आपली गाडी थांबे तं गार्ड हात देऊन वर घे.” मग थोडे थांबून, जणू माझीच समजूत घालीत, म्हणाली, “तुमाले कोन सांगन हे? तुमी तं कामात राहता.”

त्या दिवशी मी मुक्काम केला. जीपवाल्यास परत पाठविले. तिला संकोच वाटला. घरात देण्यासारखे काही नाही म्हणाली. भाकर आणि कांदा होता. रात्री अंगणात खाट टाकली, परंतु शेजारचे फार कोणी आले नाहीत. ज्यांना मी ओळखत होतो त्यांतले पुष्कळ गेले आहेत आणि तरुण मंडळी अमरावती-पुण्याकडे. तिच्या मुलाची सगळी हकिकत मी त्या रात्री ऐकली. ती येथे लिहावयाची नाही. पहाटे जाग आली तेव्हा सवयीने मी कान देऊन पडलो होतो. बाईही जागी होती. ती म्हणाली, “मी बी ऐकत असतो रोज.” वऱ्हाडकडच्या काही बायका स्वतःविषयी असे पुल्लिंगी बोलतात. मला ते पूर्वी चुकीचे वाटत असे.

सकाळी परतण्याच्या आधी आम्ही रुळांवरून थोडे चाललो. तिने माझा हात धरला होता, दुसऱ्या हातात काठी. नवऱ्याने कोणत्या पट्ट्यात काम केले, कोठे एकदा रूळ उन्हाने वाकला होता, कोठे त्याला साप चावता चावता राहिला, हे सर्व ती न पाहता, पावले मोजून दाखवीत होती. एके जागी थांबून म्हणाली, “इथं खडी नवी टाकली होती त्यानं.” मला तेथे गवताखेरीज काहीच दिसले नाही. मी खाली वाकून हाताने गवत बाजूला केले, तर खडी होती.

घरी येऊन त्याच रात्री मी मित्राला पत्र लिहिले. शकुंतला बंद आहे, हे पहिल्याच ओळीत. उरलेली तीन पाने मोटारसायकलीविषयी. पुढच्या वर्षीच्या पास्खासाठी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने तिला आणण्याची आणि पोहोचविण्याची जबाबदारी घेतली आहे, हेही कळविले. २०२३ साली ती आली. त्यांच्या मोटारीला पायरी नसल्याने चढण्याची अडचण नव्हती. वाटेत तिने काच खाली करावयास लावली आणि मूर्तिजापूर आले की सांगा, असे म्हणाली. ते आले तेव्हा मुलांनी तिला सांगितले. तिने विचारले, “इथं बदलाची असते ना?”

मुलांनी सांगितले की आता बदलावे लागत नाही.